रमाबाईंना दुष्काळाने घडवलं नाही

दहावी-बारावीचे निकाल लागले की दरवर्षी तोच वाद नव्याने पेटतो. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात आणि मुलगी पत्र्याच्या खोलीत अभ्यास करून नव्वद टक्क्यांच्या वर गेली, अशा बातम्या येतात. मग एक बाजू सांगू लागते की पाहा, हाल सोसल्याशिवाय माणूस घडत नाही. आजच्या मुलांना सगळं आयतं मिळतं, म्हणून त्यांना दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव उरलेली नाही. दाखल्यासाठी थोरांची बालपणं हाताशी असतातच. महर्षी कर्वे परीक्षेसाठी घाट तुडवत गेले, पंडिता रमाबाई दुष्काळात रानोमाळ भटकल्या, म्हणूनच तर पुढे त्यांनी एवढं काम केलं. दुसरी बाजू तितक्याच तावातावाने म्हणते की बंद करा या गोष्टी. यात गरिबीचं उदात्तीकरण होतं, मुलांवर दडपण येतं आणि दीडशे वर्षांपूर्वीचे दाखले आजच्या पोरांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. एक बाजू गोष्ट अर्धीच सांगते आणि दुसरी ती सांगूच नका म्हणते. पूर्ण गोष्ट काय होती, हे पाहण्याची तसदी दोघांपैकी कुणीच घेत नाही.

माझं म्हणणं आधीच मांडतो. ज्यांनी पुढे उभं आयुष्य दुसऱ्यांसाठी घातलं, त्यांच्यातल्या अनेकांच्या बालपणी हाल झाले. ते सांगितलेच पाहिजेत, न चुकता आणि न सौम्य करता. पण त्या हालांनी त्यांना घडवलं, हे विधान पुराव्यावर टिकत नाही. त्यांना घडवलं ते त्या हालांतही कुणीतरी त्यांच्या पदरात टाकलेल्या गोष्टींनी. कुणी अक्षरओळख दिली, कुणी रूढी मोडून मोकळीक दिली, कुणी ऐन वेळी फी भरली किंवा राहायला जागा दिली. श्रेय हालांना दिलं की ते या माणसांच्या हातून जातं. शिवाय ज्यांच्यामुळे हाल झाले, त्यांना जाब विचारायचाही राहून जातो.

एप्रिल १८५८ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने दोन मुलं जन्मली. १८ तारखेला रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या शेरवलीला, आजोळी, धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. २३ तारखेला कर्नाटकात सह्याद्रीच्या रानात गंगामूळ इथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात रमाबाई जन्मल्या. दोघांनीही पुढे विधवांसाठी, टाकून दिलेल्या मुलींसाठी संस्था उभ्या केल्या. दोघांच्याही बालपणाची गोष्ट आपण एकाच साच्यात बसवून टाकली आहे. तो साचा मोडून पाहायचा तर या दोघांइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही.

रमाबाईंपासूनच सुरुवात करू, कारण विरुद्ध बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा त्यांच्याच आयुष्यात आहे. मूल सहा महिन्यांचं झालं नाही तोच कुटुंबाने आश्रम सोडला. गडी वेताची पेटी डोक्यावर घेऊन चालायचा आणि त्या पेटीत रमाबाई असायच्या. तीर्थामागून तीर्थ आणि देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगणं हेच घराचं जगणं झालं. होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं, आणि मग १८७० च्या दशकातला दुष्काळ आला. दागिने गेले, भांडी गेली, कपडे गेले. पाला आणि रानातली फळं खाऊन दिवस काढले. वडील गेले आणि काही महिन्यांत आईही गेली. आजारी आईसाठी शेजारणीकडे भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई गेल्या, पण मागण्यासाठी शब्द फुटेना. त्या बाईने न मागता बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला, पण आईला तो खाववला नाही. आईला स्मशानात न्यायला चार खांदे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडत होती म्हणून त्यांनी तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. पुढे मोठी बहीणही गेली. उरलेली भावंडं पायी फिरत पार पंजाबापर्यंत गेली. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून दोघं त्यात निजली आणि अंगावर वाळूच ओढून घेतली.

यानंतर साधारण वीस वर्षांनी, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई तिथे गेल्या. निराधार मुली आणि बालविधवा मिळून सुमारे तीनशे जणींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पोटात अन्न नसण्याचा आपला अनुभव ताजा झाला म्हणून राहवलं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. तेव्हा जो म्हणतो की सोसलेल्याला सोसणारा लवकर दिसतो, त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते खरं आहे. तीनशे मुली घेऊन येणाऱ्या बाईला त्या मुलींच्या डोळ्यांत काय दिसलं असेल, हे भरल्या घरात वाढलेल्याला सांगूनही पुरतं कळायचं नाही.

पण म्हणून दुष्काळाने रमाबाई घडवल्या असं म्हणता येतं का? १८७६ ते १८७८ च्या त्या दुष्काळात दक्षिण हिंदुस्थान आणि दख्खनमध्ये पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली, असं इतिहासकार मानतात. भूक हीच शाळा असती तर त्या शाळेत लाखो मुलं होती. त्यांतल्या कितीजणांना पुढे दुसऱ्यांसाठी काही करण्याइतकं आयुष्य लाभलं? ज्या वाटेवर लाखो पोरं मेली, त्या वाटेने एक मुलगी जिवंत बाहेर आली म्हणून ती वाट चांगली होती असा निष्कर्ष काढायचा, तर मेलेल्यांना हिशोबातूनच वगळावं लागतं. आपल्या जयंतीच्या भाषणांत नेमकं तेच होतं.

या एका मुलीजवळ असं काय होतं, जे त्या लाखोंजवळ नव्हतं? संस्कृत होतं. ते तिच्याजवळ कसं आलं, ही गोष्ट दुष्काळाहून जास्त वेळ देऊन सांगण्यासारखी आहे. अनंतशास्त्री तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. शास्त्रीबुवा पेशव्यांच्या वाड्यात दुसऱ्या बाजीरावांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला जात. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणतंय, हे या विद्यार्थ्याने तिथे ऐकलं आणि ते मनात घर करून राहिलं. त्यांनी पहिल्या पत्नीला शिकवून पाहिलं, पण घरच्यांनी होऊ दिलं नाही. पुढे चव्वेचाळिसाव्या वर्षी नऊ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचं लग्न झालं. तीर्थयात्रेत भेटलेल्या एका अनोळखी माणसाला बापाने आपली मुलगी देऊन टाकली, असं ते लग्न होतं. त्याचं समर्थन करण्याचं काही कारण नाही. पण त्या मुलीला अनंतशास्त्रींनी शिकवलं. गावचे ब्राह्मण खवळले. धर्मसभेपुढे उभं राहून स्त्रियांना संस्कृत शिकवण्यात शास्त्राचा भंग नाही, हे त्यांना ग्रंथांच्या आधारे सिद्ध करावं लागलं. त्याच लक्ष्मीबाई पुढे पहाटे, घरची कामं सुरू होण्याआधी, मुलीला झोपेतून उठवून जवळ घेत आणि पाठ देत. पोथी हाती न देता तोंडी म्हणून घेत. रमाबाईंना लहान वयातच हजारो श्लोक मुखोद्गत झाले ते असे. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचं वाटोळं झालेलं पाहून आईवडिलांनी धाकटीचं लग्न लहानपणी लावलंच नाही. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही किती मोठी गोष्ट होती, हे वेगळं सांगायला नको.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. परीक्षा पहाटेच्या त्या पाठांची होती. झेलमच्या वाळूत काढलेल्या रात्रींबद्दल तिला कुणी काही विचारलं नाही. पहाटेचे पाठ नसते, तर त्या रात्री काढलेली मुलगी कलकत्त्याच्या रस्त्यावर आणखी एक भुकेला जीव म्हणून पडली असती. आपण आपल्या मुलांना सांगतो त्या गोष्टीत लक्ष्मीबाई असतात का? मी तरी शाळकरी वक्तृत्व स्पर्धांत दुष्काळ पुष्कळदा ऐकलाय, लक्ष्मीबाई मात्र क्वचितच. त्यात रमाबाईंच्या धर्मांतरामुळे मराठी समाजाने त्यांना बराच काळ अंगणाबाहेरच ठेवलं, हेही आलंच.

स्वतः रमाबाईंनी आपल्या बालपणातून काय धडा घेतला, हे पाहिलं तर हालांच्या गौरवाला जागाच उरत नाही. त्यांनी लिहिलंय की आपल्याला पोट भरण्याचं एकही व्यवहारी कौशल्य कुणी शिकवलं नव्हतं. जातीचा आणि विद्येचा अभिमान इतका, की मोलमजुरी करणं किंवा गरिबी कबूल करणं शक्य नव्हतं. म्हणजे उपासमारीत दुष्काळाइतकाच त्या अभिमानाचाही वाटा होता. म्हणून मुक्तीत त्यांनी मुलींना काय दिलं? विणकाम, शेती, छापखाना. बायबलचं त्यांनी केलेलं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनी खिळे जुळवून छापलं. आपण उपाशी राहिलो म्हणून मोठे झालो, असं या बाईला वाटत असतं, तर मुक्तीतल्या मुलींच्या ताटात तिने भाकरी वाढली नसती.

त्या दुष्काळाचीही थोडी चौकशी करायला हवी, कारण ‘दुष्काळाने शिकवलं’ म्हणताना आपण त्याला आभाळातून पडलेला गुरू करून टाकतो. पाऊस पडला नाही हे खरं. पण त्याच काळात बंदरांतून धान्य बाहेर जात होतं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लिटनचा दरबार भरला होता. सरकारने दुष्काळाच्या देखरेखीसाठी पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने मदतकामांवरची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतक्यावर आणली. त्याविरुद्ध मुंबई इलाख्यात मदतकामांवरच्या भुकेल्या माणसांनी संप केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. सभेच्या लोकांनी ‘यातून कणखर पिढी घडेल’ असं म्हटलं असतं, तर आज आपण त्यांना काय म्हटलं असतं?

आता कर्व्यांकडे येऊ. सप्टेंबर १८७५, वय सतरा. सार्वजनिक परीक्षेसाठी आपल्या गावाहून, कोकणातल्या मुरुडहून, मुंबईला जायचं तर पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून मित्रांबरोबर साताऱ्याची वाट धरली. पाठीवर वळकटी, वरून पाऊस, कुंभार्ली घाट. सुमारे ११० मैल चार दिवसांत कापले. परीक्षासमितीपुढे उभे राहिले, तर प्रमुखाने वर-खाली पाहून सांगितलं की हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. शाळेचा दाखला जवळ होता, पण तो मानला नाही. परीक्षेला न बसताच परत जावं लागलं. पुढे ते कोल्हापूर केंद्रावरून उत्तीर्ण झाले.

ही गोष्ट आपण कशाचं उदाहरण म्हणून सांगतो? जिद्दीचं. जिद्द होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण या गोष्टीत आणखीही काही आहे आणि ते कुणी विचारत नाही. परीक्षेसाठी एका मुलाला चार दिवस घाट का चालावा लागला? जवळ केंद्र का नव्हतं? दाखला हातात असताना एक अधिकारी केवळ चेहरा पाहून सतरा वर्षांच्या मुलाचं वर्ष कसं वाया घालवू शकला? दीडशे वर्षांनंतरही जायकवाडीच्या पाण्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जाणाऱ्या मुलांची छायाचित्रं छापून येतात आणि खाली ‘शिक्षणासाठी जिद्द’ असं लिहिलेलं असतं. पुलाचं काय झालं, हा प्रश्न त्या ओळीखाली गाडला जातो. हालांचं कौतुक करण्याचा खरा तोटा इथे आहे. पहिल्या बाजूचे लोक मनाने दुष्ट नसतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या कौतुकाने ज्याने पूल बांधायचा तो सुटतो.

आणि कर्व्यांना घडवलं कुणी? मुरुडच्या शाळेतल्या सोमण गुरुजींनी. शाळकरी पोरांवर सार्वजनिक कामं सोपवणारा, गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला लावणारा हा मास्तर होता. गावाचं काम आपलं असतं ही सवय तिथे लागली. आणि ती सवय लागायला उपाशी राहण्याची गरज पडली नाही. कर्व्यांचं घर ओढगस्तीचं होतं हे खरं, पण तशी ओढगस्त कोकणात घरोघरी होती. मुरुडच्या ज्या लोकांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून कर्व्यांवर बहिष्कार टाकला, त्यांतले बहुतेक त्याच गरिबीत वाढलेले होते. एकाच गावात, एकाच गरिबीतून सुधारक निघाला आणि त्याला वाळीत टाकणारेही निघाले. गरिबीच माणसाला करुणा शिकवत असेल, तर याचा उलगडा कसा करायचा?

ज्या विधवेशी त्यांनी लग्न केलं तिचं बालपण तर माझ्या मते या सगळ्या वादाचा निकाल लावतं. गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई किंवा बाया कर्वे. माहेर देवरूखच्या जोशांचं. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत सगळं संपलेलं. पुढे केशवपन आणि सासरची राबणूक. हाल माणसाला घडवतात म्हणता ना? मग आठव्या वर्षापासून पुढची पंधराएक वर्षं त्या हालांना गोदूबाईंना घडवायला पूर्ण मोकळीक होती. मध्ये कुणी नव्हतं. त्या वर्षांनी काय दिलं? त्यांना साधं लिहिता-वाचताही येत नव्हतं. मग भाऊ नरहरपंत, जे मुंबईत कर्व्यांचे सोबती होते, त्यांनी बहिणीला मुंबईला नेलं. ११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी शारदा सदन उघडलं आणि तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत विशी ओलांडलेल्या गोदूबाई होत्या. तिथे अक्षरं शिकल्या. १८९३ मध्ये कर्व्यांशी लग्न झालं, आणि पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या, आपल्यासारख्या बायकांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या बाया कर्वे आपल्याला दिसतात त्या त्यानंतरच्या. पंधरा वर्षांच्या दुःखाने जे झालं नाही, ते एका भावाच्या निर्णयाने आणि एका शाळेने चार वर्षांत झालं. देवरूखपासून कोल्हापूरपर्यंत त्या काळी अशा किती गोदूबाई होत्या, ज्यांचा भाऊ मुंबईला नव्हता? त्यांचे हालही तेवढेच होते.

इथे विरुद्ध बाजूचा माणूस म्हणेल, बरं, मदत मिळाली म्हणून घडले. पण ज्याला कधी चटकाच बसला नाही, तो दुसऱ्याला मदत करायला उठेल का? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर हिंगणघाटला मिळतं. १९१४ मध्ये तिथल्या जमीनदार घरात मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, जन्मले. पोरवयात हाती बंदूक आली, शिकार आली, तरुणपणी बिबट्याच्या कातड्याच्या गाद्या घातलेली मोटार आली. पोटाची किंवा पैशाची चिंता या मुलाला कधी शिवली नाही. हा माणूस पुढे वरोऱ्याला नगरपालिकेत असताना मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांबरोबर ते काम करू लागला. पावसात पडलेला एक कुष्ठरोगी दिसला तेव्हा आधी तो घाबरून पळाला, आणि मग त्या घाबरण्याची लाज वाटून परतला. आनंदवनाची सुरुवात तिथे आहे. कागलच्या घाटग्यांच्या घरातून दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या शाहू महाराजांना कोणत्या भुकेने शिकवलं होतं? १९०१ पासून त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. भरल्या पोटी वाढलेल्या मुलाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. त्याला ते दिसेल अशा जागी तो जायला हवा, एवढंच. बंगल्याच्या आवारात आणि शाळेच्या बसमध्ये ज्यांचं सगळं बालपण जातं, त्यांच्याबद्दलची काळजी मलाही आहे. पण त्यावर उपाय म्हणून त्यांचे लाड बंद करून त्यांना कृत्रिम टंचाईत ठेवणं हे मला निरर्थक वाटतं. त्यांना काम द्या, वेगवेगळ्या घरांतल्या मुलांबरोबर एका बाकावर बसवा, गावची नाली आपणही साफ करायची असते हे हाताने करू द्या.

राबणं आणि हाल होणं या दोन गोष्टींची सरमिसळ हेच या वादाच्या गोंधळाचं मूळ आहे, आणि ती सोडवून दाखवली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १८८७ मध्ये कुंभोजला जन्मलेला हा मुलगा कोल्हापुरात शिकताना जैन बोर्डिंगात राहायचा. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहात जाऊन येतो म्हणून त्याला तिथून काढून टाकलं. शाळाही पुरी झाली नाही. त्या मुलाने पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत. मुलं दळत, स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. घाम भरपूर गाळायचा, पण उपाशी कुणी झोपायचं नाही. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही विकायला काढलं. पोरं उपाशी राहून कणखर होतील, असा विचार त्या घराला शिवलाही नाही. ज्या साताऱ्यात १८७५ मध्ये मुरुडच्या पोराला चेहरा पाहून परत पाठवलं, त्याच साताऱ्यात एकोणपन्नास वर्षांनी हे घडत होतं.

म्हणजे पाहा, ज्यांनी खरोखर सोसलं, त्यांनीच हालांच्या विरुद्ध कौल दिलाय. रमाबाई, कर्वे, बाया, भाऊराव, यांच्यापैकी एकाच्याही संस्थेत हाल हा अभ्यासक्रम नव्हता. त्यांनी वसतिगृह बांधलं, पंगत मांडली, फी माफ केली. आपल्याला जे सोसावं लागलं ते पुढच्याला सोसावं लागू नये, यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. आणि आपण त्यांचीच नावं घेऊन पोरांना सांगतो की सोसा. याहून मोठा अन्याय त्यांच्यावर दुसरा नाही.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘या गोष्टी सांगूच नका’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर. तुमची तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची जी मुलगी गावी आजीजवळ राहून दहावीला बसते, तिच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरा आधार नसतो. आपल्यासारख्या घरातून कुणी पुढे गेलं होतं, हे तिला कळू नये असं तुम्ही म्हणता का? तिला या गोष्टींची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. पण तिला ती गोष्ट पूर्ण मिळाली पाहिजे. जोतिराव फुल्यांना वडिलांनी शाळेतून काढलं होतं, तेव्हा गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली आणि मुलगा पुन्हा शाळेत गेला. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना दिलं आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली आणि कॉलेजचं शिक्षण सुरू राहिलं. जातीने त्यांच्यावर केलेला छळ याने पुसला जात नाही, आणि केळुसकरांना उद्धारक म्हणण्याचाही हा घाट नाही. बाबासाहेबांची बुद्धी आणि अभ्यास त्यांचा स्वतःचा होता. पण शिष्यवृत्ती नावाची गोष्ट असते, ती मागता येते, तिच्यासाठी शब्द टाकणारा माणूस शोधता येतो, आणि मिळत नसेल तर भांडता येतं, हे त्या ऊसतोड कामगाराच्या मुलीला या गोष्टीतून कळतं. ‘दिव्याखाली अभ्यास केला’ एवढंच सांगितलं तर तिला कळतं इतकंच, की दिवा नसेल तर दोष आपलाच.

तेव्हा येत्या १८ एप्रिलला ज्यांना शाळेत कर्व्यांवर बोलायचं आहे, त्यांनी कुंभार्ली घाट अवश्य सांगावा, पावसासकट. मग सोमण गुरुजी सांगावेत. साताऱ्याच्या समितीने दाखला मानला नाही हे सांगावं, आणि मुलांना विचारावं की त्या अधिकाऱ्याने काय करायला हवं होतं. आपल्या तालुक्यात दहावीचं केंद्र सगळ्यात लांबच्या वाडीपासून किती किलोमीटरवर आहे, तिथे एसटी किती वाजता पोचते, हंगामी वसतिगृह यंदा दिवाळीनंतर वेळेवर सुरू झालं होतं का, तेही विचारावं. पोरांना ही उत्तरं बहुतेक ठाऊक असतात. व्यासपीठावर बसलेल्यांनी ती लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन द्यावीत.